मटण, मासळी, अंड्यांचा घरखर्च : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या घरांत महिन्याचा हिशेब मांडताना किराणा, दूध, गॅस, शाळेची फी यांच्या ओळी वेगळ्या असतात, पण वशाटाचा, म्हणजे मटण-मासळी-अंड्यांचा, खर्च मात्र ‘बाजार’ नावाच्या एका ओळीत गडप होतो. मग पुढे कधीतरी वाद निघतो, की पूर्वी आपण कमी खात होतो का जास्त, महागाई खरी किती, आणि सरकारी आकडे आपल्या घराशी का जुळत नाहीत. बचत गटांतल्या बायका, अर्थशास्त्राची मुलं आणि घरखर्च सांभाळणारी माणसं जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

पूर्वीपेक्षा आपण मटण-मासळी-अंड्यांवर जास्त खर्च करतो का?

रुपयांत बघितलं तर हो, बराच जास्त. देशपातळीवरच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार 2011-12 मध्ये खेड्यात एका माणसाचा महिन्याचा एकूण खर्च सरासरी 1,430 रुपये होता आणि त्यातला 4.79 टक्के अंडी, मासे, मटण यांवर जात होता. म्हणजे माणशी 68-69 रुपये. 2022-23 मध्ये एकूण खर्च 3,773 रुपये झाला आणि वाटा 4.91 टक्के, म्हणजे माणशी साधारण 185 रुपये. शहरात हेच 96 रुपयांवरून 230 च्या आसपास गेलं. 2023-24 च्या पाहणीत खेड्यातला आकडा 200 च्या थोडा वर आणि शहरातला 250 च्या जवळ येतो.

पण टक्क्यांकडे बघा. अकरा वर्षांत खेड्यातला वाटा जेमतेम हलला आणि शहरात तर 3.65 वरून 3.57 वर आला. रुपये अडीच पटींच्या आसपास वाढले, कारण सगळाच खर्च तेवढा वाढला. रुपयांचा आकडा दाखवून ‘लोक आता चैन करतात’ असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी टक्के विचारावेत आणि मग किलो विचारावेत.

1999-2000 मध्ये खेड्यातला वाटा 3.32 टक्के होता आणि 2011-12 मध्ये 4.79. मग तेव्हा मोठी उडी झाली ना?

उडी झाली, पण दिसते तेवढी नाही. मधल्या काळात प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. पूर्वी बऱ्याच फेऱ्यांत ‘गेल्या 30 दिवसांत किती आणलंत?’ असं विचारलं जायचं. नव्या पद्धतीत अंडी, मासे, मटण, भाजी, फळं, तेल अशा वस्तूंसाठी ‘गेल्या 7 दिवसांत’ असं विचारतात. महिन्यापूर्वीचा अर्धा किलो चिकन कुणाच्या लक्षात राहतो? गेल्या रविवारचा मात्र पक्का आठवतो. त्यामुळे नोंदलेला खर्च वाढला, आणि त्यातला काही भाग हा आठवणीचा आहे. लोकांनी जास्त खाल्लं हेही खरंच. पण जुन्या-नव्या फेऱ्यांचे आकडे एका रेषेत जोडून आलेख काढणाऱ्या मुलांनी ही गोष्ट आलेखाखाली लिहिलीच पाहिजे.

आणखी एक. 2017-18 मध्ये पाहणी झाली होती, पण सरकारने तिचे निकाल प्रसिद्ध केले नाहीत. म्हणून 2011-12 नंतर थेट 2022-23 चा आकडा येतो. मधली नोटबंदी, जीएसटी, कोरोना ही सगळी वर्षं त्या एका पोकळीत गेली.

बेळगाव जिल्ह्याचा वेगळा आकडा मिळतो का?

या पाहणीतून नाही. 2022-23 मध्ये देशभरातली 2,61,746 घरं विचारली गेली. राज्याचा आकडा काढायला तेवढी पुरतात, एकेका जिल्ह्याचा भरवशाचा आकडा काढायला नाही. कर्नाटकात त्या वर्षी माणशी मासिक खर्च खेड्यात 4,397 आणि शहरात 7,666 रुपये निघाला, देशाच्या सरासरीपेक्षा वरचा. पण कर्नाटकाचा आकडा म्हणजे मंगळूर, कारवारची किनारपट्टी, बंगळूर आणि आपण, सगळे एका टोपलीत. पाहणीच्या विभागणीत बेळगाव उत्तरेकडच्या अंतर्गत भागात येतं आणि किनारा-घाटाचा विभाग वेगळा धरलेला आहे. खानापूरच्या जंगलपट्टीतला माणूस खाण्यापिण्याने अथणीपेक्षा जोयडा-हल्याळच्या माणसाला जवळचा असतो, हे त्या रेघेत मावत नाही.

सरासरी माणशी 185 रुपये म्हणतात. आमच्या घरी तर एका रविवारीच त्याहून जास्त जातात!

तुमचा हिशेब चुकलेला नाही. ही सरासरी न खाणाऱ्यांनाही धरून काढलेली असते. आपल्या जिल्ह्यात लिंगायत आणि जैन घरं मोठ्या संख्येने आहेत. चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या जैन शेतकऱ्यांच्या घरात हा खर्च शून्य असतो, पण भागाकार करताना ती माणसंही भाजकात मोजली जातात.

समजा, एका गावात दहापैकी सहा घरं खातात आणि घरात पाच माणसं. 185 च्या हिशेबाने प्रत्येक घराचे महिन्याला 925 रुपये दिसतील. चार घरांचा खर्च शून्य असेल, तर खाणाऱ्या प्रत्येक घराचा खरा खर्च 1,540 च्या घरात जातो. म्हणून आपलं घर कुठे बसतं हे पाहायचं असेल तर खाणाऱ्या घरांशीच ताडून पाहा.

शहरात पगार जास्त, मग मटणाचा टक्का कमी कसा?

रुपये शहरातच जास्त खर्च होतात. पण शहरात घरभाडं, रिक्षा-पेट्रोल, क्लासेस, दवाखाना यांचा बोजा एवढा असतो, की जेवणाचा एकूण वाटाच आकसतो. 2022-23 मध्ये खेड्यात खर्चाचे 46 टक्के खाण्यावर गेले, शहरात 39. उत्पन्न वाढलं की खाण्याचा टक्का घटतो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच दाखवलं होतं.

रेशनचा तांदूळ मिळायला लागल्यापासून लोक जास्त मटण खातात, हे खरं का?

एवढं सरळ नाही, पण दोन्हींचा संबंध आहे. 1999-2000 मध्ये खेड्यातल्या घरखर्चातले सुमारे 22 टक्के धान्यावर जात. 2022-23 मध्ये धान्याचा वाटा 4.91 टक्के झाला, म्हणजे बरोबर अंडी-मासे-मटणाच्या वाट्याएवढा. ज्या देशात ज्वारी-तांदळाच्या चिंतेतच महिना सरायचा, तिथे हे मला फार मोठं वाटतं.

2013 चा अन्नसुरक्षा कायदा, त्याच वर्षी कर्नाटकात सुरू झालेली अन्नभाग्य योजना, 2020 नंतरचं मोफत धान्य, यांमुळे घरातले पैसे मोकळे झाले. ते सगळे मटणात गेले नाहीत. खाण्यापुरतं बघितलं तर सर्वांत मोठा भाग बिस्किटं, फरसाण, चहा-पाणी, बाहेरचं तयार खाणं यांत गेला. खेड्यात त्यांचा वाटा 9.62 टक्के आहे, अंडी-मासे-मटणाच्या जवळपास दुप्पट. दहा रुपयांचं अंडं महाग वाटतं आणि दहा-दहाचे कुरकुऱ्यांचे पुडे मात्र रोज येतात, अशी घरं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत, आणि त्याचं वाईट वाटतं.

आमच्या घरी मटण आता सणालाच येतं. सगळीकडे असंच झालंय का?

बहुतेक घरांत झालंय. या विषयात गेल्या तीसेक वर्षांत घडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे. पूर्वी रविवार म्हणजे मटण. कसाई गल्लीत किंवा गावातल्या दुकानापुढे सकाळी सातला उभं राहायचं, मांडीचा तुकडा दाखवून मागायचा, ‘चरबी कमी घाला, काळीज थोडं टाका’ म्हणायचं आणि वजनाच्या काट्यावरची नजर हलू द्यायची नाही. चिकन हा पाहुण्यासाठी कापलेला जवारी (गावरान) कोंबडा असायचा आणि तो मटणापेक्षा मानाचा.

मग बॉयलर (ब्रॉयलर) कोंबडी आली. करारावरची कुक्कुटपालन पद्धत कोइमतूरकडून पसरली. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते, शेतकरी शेड आणि मेहनत देतो, आणि पाच-सहा आठवड्यांत पक्षी विक्रीला तयार. बोकड वाढायला आठ-दहा महिने ते वर्ष लागतं आणि त्याला चरायला रान लागतं. रानं कमी झाली, राखणारी पोरं शाळेत गेली, ती जायलाच हवीत. त्यामुळे मटणाचा दर चिकनच्या तिप्पट-चौपट झाला. आज देशात तयार होणाऱ्या एकूण मांसापैकी जवळपास निम्मं कोंबडीचं आहे.

2019 च्या अखेरीला कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं, तेव्हा निपाणी-बेळगावातही हीच चर्चा होती. आपल्याकडे मटणाचा दर हा घरच्या मानाचा प्रश्न असतो. जावई आला आणि ताटात चिकन आलं, तर सासूला आजही अवघडल्यासारखं होतं.

हिशेबात याचा अर्थ असा, की घराचा वशाटाचा खर्च पाच वर्षांत तेवढाच राहिला असला तरी आतलं सगळं बदललेलं असू शकतं. महिन्याला दोन किलो मटण आणणारं घर तेवढ्याच पैशांत अर्धा किलो मटण, तीन किलो चिकन आणि दोन डझन अंडी आणत असेल. ताटात वजन वाढलं, चव बदलली, आणि वहीत फक्त तोच जुना आकडा.

चिकनचा दर एवढा वरखाली का होतो?

मका आणि सोयाबीन. कोंबडीच्या खाद्याचा कणा हाच, आणि पक्ष्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा. मका-सोयापेंड महागली की काही आठवड्यांत चिकन चढतं. दुसरं कारण मागणीचं: श्रावणात शेड भरलेली राहिली तर दर कोसळतो, आणि पक्षी मोठा झाला तरी खातच राहतो म्हणून शेतकरी पडेल त्या दराला काढून टाकतो. सोयाबीन विकणारा आणि चिकन विकत घेणारा हा आपल्याकडे पुष्कळदा एकच माणूस असतो, हे लक्षात घ्या.

कोणत्या महिन्याचा खर्च खरा मानायचा? आषाढात आणि श्रावणात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एकाही महिन्याचा नाही. वर्षाचा काढा आणि बाराने भागा.

आपलं वर्ष वशाटाच्या दृष्टीने फार खडबडीत आहे. आषाढात गावोगाव जेवणं, अमावास्येला शेवटचा जोर, मग श्रावणात कडकडीत बंद. गणपतीच्या दिवसांतच येणाऱ्या उंदरीला बेळगावच्या पुष्कळ घरांत मटण होतं आणि दुकानापुढे रांग लागते. मग पितृपक्ष, नवरात्र, खंडेनवमी. मार्गशीर्षातले गुरुवार. धुळवडीला पुन्हा रस्सा. आठवड्यातही सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत बंद, म्हणजे खर्च येतो तो मुख्यतः बुधवार, शुक्रवार आणि रविवारी. त्यात गावची महालक्ष्मी यात्रा आली तर त्या एका आठवड्यात वर्षभराचं मटण होतं. अशी यात्रा काही वर्षांनी एकदा भरते, पण भरते तेव्हा घराने त्यासाठी कर्जही काढलेलं असतं. यात्रेचा खर्च नेहमीच्या खाण्यात मिसळू नका, त्याचं पान वेगळं ठेवा.

सरकारी पाहणीही ऑगस्ट ते जुलै अशी वर्षभर चालते, घरं वेगवेगळ्या महिन्यांत विचारली जातात. श्रावणात विचारलेल्या घराचा शून्य आणि आषाढात विचारलेल्या घराचा डोंगर एकमेकांत जिरतात.

आम्ही समुद्रापासून लांब. मग मासळीवर खर्च करणं परवडतं का?

लांब म्हटलं तरी घाट उतरला की समुद्र. चोर्ला घाटातून गोव्याची, आंबोली-चंदगडमार्गे वेंगुर्ला-मालवणची, आणि कारवारकडची मासळी बेळगावात येते. कॅम्पातल्या फिश मार्केटात सकाळी बांगडा, तारली, सुरमई, कोळंबी लागलेली असते. घाट चढून आल्यावर वाहतूक आणि बर्फ दरात मिसळतात, म्हणून आपल्याकडे मासा निवडताना तारली-बांगडाच परवडतो, आणि पोषणात तो पापलेटापेक्षा काही कमी नाही.

पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. दर्या बंद झाला की दर चढतात, आणि घाटात दरड पडली तर माल येतच नाही. तेव्हा घराघरांत मे महिन्यातली बेगमी उपयोगी पडते: सुके बोंबील, सुकट, सुका बांगडा. हिशेबात ही बेगमी मे महिन्याचा खर्च फुगवते आणि जून-जुलै स्वस्त दाखवते. सुक्या मासळीचा किलोचा दर ओल्याशी ताडू नका, कारण पाणी उडालेलं असतं. एक मूठ सुकट चार माणसांच्या आमटीला पुरते.

हिडकलचं धरण, घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा यांच्या काठच्या गावांत रोहू, कटला, मरळ, चिलापी मिळतात. खानापूरकडे पहिल्या पावसात खेकडे. हे पुष्कळदा पैसे न देताच घरात येतं, त्याचं पुढे सांगितलंय.

अंडी खरंच स्वस्त आहेत का?

हो, आणि हे ठासून सांगायला हवं. समजा अंडं 7 रुपये, चिकन 240 रुपये किलो आणि मटण 700 रुपये किलो आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात. हाडं वजा केली तर वरच्या दरांनी एक ग्रॅम प्रथिन अंड्यातून सव्वा रुपयाच्या आत, चिकनमधून दोन रुपयांच्या आत आणि मटणातून पाच रुपयांना पडतं. तुमच्या गावचे दर घालून हीच गणितं करून पाहा, क्रम बदलत नाही.

जवारी अंड्याला जास्त पैसे मोजायचे का, हा आवडीचा प्रश्न. प्रथिनांत मोठा फरक नाही. घरासमोर चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या हातात ते पैसे जातात, हे मात्र मला महत्त्वाचं वाटतं.

शाळेत मुलाला अंडं मिळतं. ते आमच्या खर्चात धरायचं?

नाही. कर्नाटकातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत आधी आठवड्यातले काही दिवस आणि 2024 पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने सहाही दिवस अंडं दिलं जातं. न खाणाऱ्यांना केळं, पूर्वी चिक्कीही मिळायची. घराने पैसे दिले नाहीत म्हणून ते घरखर्चात येत नाही. पण मुलाच्या पोटात ते जातं, म्हणून खाण्याचं टिपण ठेवत असाल तर शाळेचं अंडं वेगळ्या रकान्यात जरूर लिहा.

सावजी खानावळीत खाल्लेलं मटण कुठे मोजतात?

मटणात मोजतच नाहीत. बाहेर खाल्लेलं जेवण, बिर्याणीचं पार्सल, गाड्यावरचं ऑम्लेट, सगळं ‘पेये आणि तयार खाद्यपदार्थ’ या गटात जातं. घरात देवघर आहे, आई खात नाही, म्हणून बाहेरच खाणारी कितीतरी माणसं आपल्या शहरात आहेत. त्यांच्या घरचा वशाटाचा खर्च कागदावर शून्य असतो. त्यामुळे मटण-मासळीचा सरकारी आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच पडतो, शहरात तर जास्तच.

घरची कोंबडी, शेजाऱ्याने दिलेला वाटा, नदीतला मासा यांचं काय?

पाहणीत हे सगळं धरतात. घरच्या उत्पादनाला शेतावर मिळाला असता तो दर लावतात आणि भेट आलेल्या वस्तूला गावातला बाजारभाव. पाहुण्यांनी तुमच्या घरी जेवलेलं तुमच्याच खर्चात.

वाट्याचं मटण आपल्या खेड्यांत अजून आहे. आठ-दहा घरं मिळून बकरं घेतात, कुणाच्या तरी परड्यात ते पडतं आणि केळीच्या पानांवर वाटे लावतात. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी बरगडी, काळजाचा तुकडा, वजडी. मुंडी-पाय वेगळे जातात. कुणी पैसे तिथेच देतो, कुणी भात विकल्यावर. हिशेबात मात्र खाल्लं त्या दिवशी लिहायचं, पैसे दिले त्या दिवशी नाही, कारण सुगीला दिलेले पैसे खाण्याच्या महिन्याशी जुळत नाहीत.

म्हैस-बैलाचं मांस खाणाऱ्या घरांचं काय?

पाहणीत त्याची वेगळी नोंद होते. कर्नाटकात 2020 च्या कायद्याने 13 वर्षांवरच्या म्हशी सोडून बाकी सगळ्या गाई-बैल-म्हशींच्या कत्तलीवर बंदी आली. काही दलित, मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांचं हेच स्वस्त मांस होतं. अशा घरांत दर वाढला किंवा ताटातून एक पदार्थ गेला, आणि सरासरीत ते दिसत नाही.

माणशी सरासरी काढली, पण घरात सगळ्यांना सारखं मिळतं का?

नाही मिळत. हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो आणि सगळ्यांत आधी विचारला पाहिजे. पुरुष आणि मुलगे आधी बसतात, फोडी त्यांच्या ताटात जातात. सून शेवटी बसते तेव्हा भांड्यात रस्सा, एखादं हाड आणि बटाटा उरलेला असतो. घराचा खर्च पाच माणसांनी भागून ‘माणशी एवढे ग्रॅम’ म्हटलं, तर त्या सुनेचे ग्रॅम कागदावरच राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या 47.8 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याची कारणं अनेक आहेत, एकट्या मटणावर ते ढकलता येत नाही. पण घरात लोह असलेलं अन्न येतं आणि ज्या बाईला त्याची सर्वांत जास्त गरज आहे तिच्यापर्यंत पोचत नाही, हे चालू देण्यासारखं नाही. अंड्याचा एक फायदा इथे मोठा आहे: ते मोजून वाटता येतं. पाच माणसं, पाच अंडी.

घरच्या वहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, वस्तू, वजन, दर, आणि किती जणांनी खाल्लं. वजन लिहिल्याशिवाय नुसते रुपये लिहू नका. एका आठवड्याचं पान असं दिसेल:

बुधवार : अंडी 6, घरचे 4 जण
शुक्रवार : बांगडा 1 किलो, साफ करून 600-650 ग्रॅम, 5 जण
रविवार : चिकन 1 किलो सोललेलं, 5 जण आणि पाहुणे 2

चिकन घेताना जिवंत वजन लिहिलंय की सोललेलं, हे नोंदवा. दोन किलोचा पक्षी सोलून सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान भरतो, आणि दुकानात दोन्ही दर पाटीवर असतात. तेल, मसाला, खोबरं किराण्यात राहू द्या, नाहीतर एकाच खर्चाची दोनदा बेरीज होईल. लिहायचं ते त्याच रात्री किंवा फार तर आठवड्याच्या आत, आणि जी बाई स्वयंपाक करते तिच्याकडूनच विचारून घ्यायचं, कारण बाजारातून किती आलं हे पैसे देणाऱ्याला माहीत असतं, पण कुणाच्या ताटात किती गेलं हे तिलाच ठाऊक असतं.